स्वाती मुत्यम: शिवय्या भोळा हो, पण ललिताला कुणी विचारलं का?

निशिगंधा_प

आम्ही दोन वर्षांपूर्वी बदलीमुळे हैदराबादला आलो. खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहतात, इथल्या रिवाजाप्रमाणे त्या सगळ्यांच्या 'आंटी'. रामनवमीला त्या पानकम आणि वडपप्पू घेऊन आल्या आणि बसल्या त्या चांगल्या दोन तास. माझ्या सासूबाईंना तेलुगू येत नाही, आंटींना मराठी येत नाही आणि हिंदी दोघींचं सारखंच मोडकं. तरी जाताना आंटींचं फर्मान सुटलं, 'स्वाती मुत्यम' बघायचाच, तोही आजच्या आजच.

बघितला. १९८६ चा, के. विश्वनाथ यांचा, कमल हासन आणि राधिका. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोदाकाठचं गाव. शिवय्या वयानं मोठा, मनानं लहान मूल. आजीच्या आधारानं राहतो. ललिता तरुण विधवा, पदरात छोटा मुलगा. सासरच्यांनी लग्नच मान्य केलेलं नव्हतं, म्हणून ती भावाकडे, आणि भावजयीची बोलणी रोजची. रामनवमीच्या उत्सवात देवळात सीतारामाचं लग्न चाललेलं असतं. शिवय्या उठतो, देवाचं मंगळसूत्र उचलतो आणि सगळ्या गावासमोर ललिताच्या गळ्यात बांधतो.

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. मी मात्र त्यानंतरचा अर्धा तास नीट बघूच शकले नाही, सारखा राधिकाचा तो चेहरा समोर येत होता. तिला आनंद झालेला नाही, ती हादरलेली आहे. सिनेमा मला सांगतोय की किती निष्पाप माणूस, किती मोठं काम केलं त्यानं. मला प्रश्न पडला, तिला विचारलं कुणी? भोळेपणानं केली म्हणून जबरदस्तीची जबरदस्ती राहत नाही का?

सासूबाई म्हणाल्या, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची सवय आहे." म्हणून इथे विचारतेय. खुसपट आहे का हे?

रिकामटेकडा१

खुसपट आहे. पण चांगलं आहे. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कॉफीतचहा

मी हिंदी 'ईश्वर' बघितलाय, १९८९ चा. अनिल कपूर आणि विजयाशांती. लहानपणी दूरदर्शनवर लागला होता आणि आईनं शेजारच्या चार बायका बोलावल्या होत्या. मंगळसूत्राच्या प्रसंगाला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विजयाशांतीचा चेहरा कसा होता हे आज अजिबात आठवत नाही, यातच काय ते आलं.

मोडक्या_छत्रीवाला

कमल हासनचा अभिनय हा अभिनय कमी आणि कसरत जास्त, असं माझं मत. मान तिरकी, डोळे गरागरा. दोन तास बघवत नाही. राधिका मात्र कमाल. (आता या, धरा मला.)

काचीगुडेकर

आमची चौथी पिढी हैदराबादेत, म्हणून चार शब्द.

निशिगंधाताई, तो प्रसंग रामनवमीलाच का, हे कळलं तर त्यातलं अर्धं कोडं सुटतं. आपल्याकडे रामनवमी म्हणजे जन्म. दुपारी बाराला पाळणा, गुलाल, सुंठवडा. इकडे आंध्र-तेलंगणात त्याच दिवशी रामाचं लग्न लागतं, सीताराम कल्याणम. गल्लोगल्ली मांडव, भटजी दोन पक्षांचे, वधूपक्ष वरपक्ष अशी लटकी भांडणंही होतात. भद्राचलमला तर राज्य सरकारकडून रेशमी वस्त्रं आणि मोत्यांच्या अक्षता जातात. 'मुत्याल तलंब्रालु' म्हणतात त्याला, मुत्यम म्हणजे मोती. लग्न लागायच्या आधी देवाचं मंगळसूत्र सगळ्या लोकांना दाखवायचं, हात लावून नमस्कार करायचा, अशी पद्धत. त्या क्षणी अख्खा मांडव उभा असतो.

म्हणजे शिवय्यानं कुठलंतरी मंगळसूत्र उचललेलं नाही. गावानं नुकताच ज्याला नमस्कार केला तेच उचललं. आता गाव ते तोड असं म्हणू शकत नाही. रामाच्या लग्नाला जे चालतं ते या पोरीला का चालत नाही, हा प्रश्न दिग्दर्शकानं एकही संवाद न घालता विचारलाय. मला तो प्रसंग म्हणून थोर वाटतो. ललिताला विचारलं नाही हे खरंच आहे, पण सिनेमाचं भांडण ललिताशी नाही, मांडवाशी आहे.

निशिगंधा_प

काचीगुडेकर, हे माहीतच नव्हतं! तरीच आंटी सारख्या 'कल्याणम कल्याणम' करत होत्या आणि सासूबाई म्हणत होत्या, कुणाच्या कल्याणाचं बोलतायत या :)

पण मग माझी तक्रार वाढलीच की. मांडवाशी भांडायला त्यांनी तिचा गळा वापरला.

रिकामटेकडा१

टाळ्या. हे वाक्य मी चोरणार.

चिंचबन

सगळ्यांनी संमतीबद्दल लिहिलं. मी दुसरीकडून बघते, जरा लांबेल.

माझा धाकटा भाऊ बौद्धिक अक्षम आहे. आता एक्केचाळीस वर्षांचा. दाढी मी करून देते. रस्ता ओलांडताना अजून माझं बोट धरतो, आणि लोक बघतात. हा सिनेमा मी कॉलेजात असताना बघितला आणि खूप रडले, कारण पडद्यावर पहिल्यांदाच आमच्या बाळूसारखा कुणीतरी नायक होता. कुणी त्याला दगड मारत नाहीये, कुणीतरी त्याच्यासाठी अंगाई म्हणतंय. 'वटपत्रशायिकी वराहाल लाली' (लाली म्हणजे अंगाई) लागलं की मला अजून आवंढा येतो.

पण या सिनेमानं आमचं नुकसानही केलंय. हाच नाही, असे सगळेच. आई गेल्यानंतर दोन नातेवाईक घरी येऊन बसले. म्हणे याचं लग्न करून टाका, गरिबाघरची एखादी विधवा, परित्यक्ता बघा, तिलाही आधार, यालाही आधार. मी म्हटलं, तिला काय आधार? याला रात्री दोनदा उठवून बाथरूमला न्यावं लागतं. तर त्यातले एक काका म्हणाले, "अगं, बायको आली की जबाबदारी कळते." अगदी शिवय्याचीच गोष्ट. लग्न झालं, नोकरी लागली, मुलं झाली, नातवंडं झाली, म्हातारपणी गोष्ट सांगायला बसला.

मला विचारायचंय की त्या मधल्या वर्षांत घरचा हिशोब कोण ठेवत होतं? गॅस संपलाय हे कुणाच्या लक्षात येत होतं? (१९८६ मध्ये चूल असेल, लाकडं म्हणा.) तो आजारी पडला तर डॉक्टरला कुठं दुखतंय हे कोण सांगत होतं? ललिताच ना. सिनेमा त्याच्या नावावर आहे, राबली ती.

भोळा माणूस मोती असतो हे मला मान्य आहे. आमचाही आहे. पण शिंपल्याला विचारायला हवं.

पूर्वभागकर

चिंचबन ताई, नमस्कार. आता काय लिहू कळत नाही. नंतर येतो.

कॉफीतचहा

चिंचबन, +१००. आईला फोन करून वाचून दाखवलं. ती गप्प झाली, मग म्हणाली, "आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या गं."

मोडक्या_छत्रीवाला

मी कसरत म्हणालो ते मागे घेत नाही, पण तुमच्या प्रतिसादानंतर पुन्हा बघेन. एक विचारू का? तुमच्या अनुभवावरून कमलचं काम खरं वाटतं की नाही?

चिंचबन

@मोडक्या_छत्रीवाला, काही काही. लाक्षणिक बोललेलं तो अक्षरशः घेतो, ते शंभर टक्के खरं. बाळूला एकदा "तोंड सांभाळून बोल" म्हटलं तर तासभर दोन्ही हातांनी गाल धरून बसला होता. मान तिरकी वगैरे नाही. आणि शिवय्याला कधी राग येत नाही फारसा. ते तर अजिबात खरं नाही. आमच्याकडे दोन टीव्ही फुटलेत.

तिळगूळ_गोड

सुंदर धागा. फक्त माहितीची भर: भारताकडून ऑस्करला अधिकृत प्रवेशिका म्हणून पाठवलेला हा पहिला तेलुगू चित्रपट. नामांकन काही मिळालं नाही. तेलुगूतल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. संगीत इळैयराजा. आणि म्हाताऱ्या शिवय्याचा नातू म्हणून जे एक पिल्लू दिसतं तो 'पुष्पा'वाला अल्लू अर्जुन!

रिकामटेकडा१

म्हणजे तेव्हाही झुकला नव्हता.

काचीगुडेकर

विश्वनाथ यांच्याबद्दल जरा. हा माणूस मूळचा ध्वनिमुद्रणातला. मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत साऊंडला होते, तिथून दिग्दर्शनात आले. त्यामुळे त्यांच्या सिनेमात डोळे मिटून बसलात तरी चालतं. 'शंकराभरणम' आधीच येऊन गेला होता, १९८० चा. २०१६ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, २०२३ च्या फेब्रुवारीत गेले.

या सिनेमातलं 'सुव्वी सुव्वी' गाणं पुन्हा ऐका. 'सुव्वी' ही तेलुगू कांडणगीतांची टेक. उखळात धान्य कांडताना मुसळ वर जातं, खाली येतं, त्या लयीवर बायका 'सुव्वी' म्हणतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांची चुलत बहीण समजा. बायकांनी कष्टाच्या वेळी, पुरुष आसपास नसताना म्हणायचं गाणं. ते ललिताच्या तोंडी दिलंय आणि शिवय्या त्यात लहान मुलासारखा घुसतो. गावातल्या दुसऱ्या कुठल्या बाप्याला ती मुभा मिळाली नसती. मंगळसूत्राच्या आधीच त्याला बायकांच्या अंगणात प्रवेश मिळालाय, आणि तो ललितानंच दिलाय. निशिगंधाताई, तुमच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही, पण विचारात घ्या.

निशिगंधा_प

घेतलं. पण अंगणात येऊ दिलं म्हणजे गळ्यात बांधू दिलं असं नाही होत हो :)

मोडक्या_छत्रीवाला

अवांतर: ती वडपप्पू काय भानगड? नुसती भिजवलेली मूगडाळ?

निशिगंधा_प

हो. त्यात खोबरं, हिरवी मिरची, कैरी किसून. आपल्या चैत्रगौरीच्या डाळीची मावशी. पानकम म्हणजे गूळ, पाणी, मिरी, वेलची, सुंठ. सासूबाई म्हणाल्या, "सुंठवडा पातळ केलाय."

रेवडीवाली

आमच्या नांदेडकडे लग्नात अर्धे पाहुणे तेलुगू, त्यामुळे पुलिहोरा (चिंचेचा भात) आणि पुरणपोळी एका पंगतीत. त्यावरून भांडणंही झालीयत, मठ्ठा आधी की पप्पू (वरण) आधी. वेगळा धागा काढा, येते मी.

दीडशहाणे_सर

मूळ विषयावर. एक योगायोग कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. सिनेमाचं चित्रण राजमहेंद्रीच्या आसपास झालं. त्याच राजमहेंद्रीत समाजसुधारक कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी ११ डिसेंबर १८८१ ला पहिला विधवाविवाह लावला. त्यासाठी त्यांना बहिष्कार सोसावा लागला. कायदा १८५६ चा, म्हणजे कायद्यानंतर पंचवीस वर्षांनी एक लग्न. आपल्याकडे महर्षी कर्व्यांनी १८९३ ला गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा मुरुडनं त्यांना वाळीत टाकलं. गंमत बघा, आपल्या त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी १४६५ किलोमीटर वाहते आणि दोन्ही टोकांना तोच छळ.

तेव्हा शंभर वर्षांनी, १९८६ लाही हा विषय सिनेमात घेताना दिग्दर्शकाला 'भोळा' नायक लागला, हे मला जास्त बोलकं वाटतं. शहाण्या माणसानं विधवेला "माझ्याशी लग्न करशील का?" असं विचारलं असतं तर प्रेक्षकांना पचलं नसतं. वेड्यानं बांधलं तर देवाची इच्छा. म्हणून माझं मत, शिवय्या भोळा आहे, पण पटकथा चांगलीच हुशार.

निशिगंधा_प

सर, हेच मला म्हणायचं होतं आणि जमत नव्हतं.

काचीगुडेकर

दीडशहाणे सर, अर्धं मान्य. पण पुढचा भाग कुणी बोलतच नाही. मंगळसूत्रानंतर ललिता काय करते? शिवय्याची आजी तिला पदराखाली घेते, थोड्याच दिवसांत आजी जाते, आणि टोमणे सुरू होतात. तेव्हा घर सोडायचा निर्णय ललिताचा. शिवय्याला कामधंद्याला लावणारी ती. आणि 'मनसु पलिके मौनगीतम' बघा, जवळ येण्यात पुढाकार कुणाचा? शिवय्याला तर काही कळतच नाही. १९८६ मध्ये, विधवा नायिका, देहाच्या बाबतीत ठरवणारी ती. हे पचवलं ना प्रेक्षकांनी?

रिकामटेकडा१

पचवलं, कारण गाणं चांगलं होतं.

दीडशहाणे_सर

@काचीगुडेकर, मुद्दा बिनतोड आहे. अर्धा गुण कापतो माझा.

पूर्वभागकर

काल येतो म्हणालो होतो.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला, पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. आमच्या आजोबांच्या आधीपासून माग इथेच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा या, कळेल किती आहोत ते. तेलुगू सिनेमे आमच्याकडे थेटरात लागायचे, आणि हा लागला तेव्हा मी सहावीत. आत्या मला घेऊन गेली होती.

आधी सरांना एक. विधवाविवाह म्हणजे क्रांती, हे काही घरांत. महाराष्ट्रात कितीतरी जातींत पाट (विधवेचं दुसरं लग्न) लागायचा, तेलुगूत त्याला 'मारुमनुवु' म्हणतात. राजमहेंद्रीला १८८१ मध्ये 'पहिला' झाला तो वरच्या जातीतला पहिला. आमच्यासारख्यांच्या आज्या-पणज्या कुठल्या पुस्तकात नाहीत. सिनेमातलं ललिताचं घर तसं कर्मठ आहे, म्हणून तिथे आकाश कोसळतं.

पण पाट होता म्हणून सुख होतं असंही नाही. माझी आत्या चोविसाव्या वर्षी विधवा झाली, पदरात मुलगी. सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, दिवसाला हजार. पानाला कात्री लावायची, तंबाखू भरायची, दोऱ्यानं बांधायची, आणि हे सगळं न बघता, माझ्याशी बोलत. दोन वर्षांनी आजोबांनी तिचं दुसरं लग्न ठरवलं. नवरा वयानं मोठा, आधीची तीन मुलं. शनिवारी रात्री तिला सांगितलं, सोमवारी लग्न.

काल रात्री तिला हा धागा वाचून दाखवला. आता अठ्ठ्याहत्तरची आहे, चष्मा आहे पण मोबाईलवरचं वाचत नाही. सगळं ऐकलं. चिंचबन ताईंचं दोनदा वाचायला लावलं. मी विचारलं, अत्ता (म्हणजे आत्या), तू त्या वेळी थेटरात रडली होतीस का? म्हणाली, "सगळ्या बाया रडत होत्या. मी नाही. मी बघत होते मागून ती उठून जाते का."

म्हटलं, म्हणजे? म्हणाली, "गाठ मारताना कुणी विचारत नसतंय. मला दोन्ही डाव विचारलं नाही. पण त्याच्या मागनं जायचं का नाही, तेवढं एक असतंय बाईच्या हातात, कधी कधी. ती गेली. तिनं बघितलं असंल, हा मारणार नाही."

मग जरा वेळानं म्हणाली, "आणि पोराला जवळ घेतो तो. त्येवढं बघितलं की बाई पुढचं बघत नाही."

मी काही बोललो नाही. ती म्हणाली, गाणं लाव. अंगाई लावली. 'वराहाल' म्हणजे सोन्याची नाणी, हे तिनंच सांगितलं. जुन्या काळी वराह छापलेलं नाणं असायचं, त्याची अंगाई. म्हणाली, "सोन्याची लाली गायची, घरात तांदूळ नसले तरी."

चिंचबन

पूर्वभागकर, आत्यांना माझा नमस्कार सांगा. "हा मारणार नाही" हे वाचून खुर्चीत मागे टेकले. मी बाळूच्या बाजूनं आणि शिंपल्याच्या बाजूनं विचार केला, हे राहिलंच होतं.

माझं मत बदललं नाही, काकांना मी आजही नाहीच म्हणेन. पण ललिताकडे बघायची नजर जरा हलली.

दीडशहाणे_सर

@पूर्वभागकर, दुरुस्ती मान्य. 'पहिला' शब्द असा बेफिकीरपणे वापरायला नको होता. पाटाबद्दल सवडीनं लिहा, विनंती.

मोडक्या_छत्रीवाला

बघितला पुन्हा. कसरत आहेच. पण शेवटी म्हातारा शिवय्या जुनं घर सोडून निघतो तेव्हा हातात तुळस असते, ललिताची. तिथे मान तिरकी नाही, डोळे गरागरा नाहीत, नुसता कुंडी सांभाळत चालणारा माणूस आहे. माझी आई पुण्याच्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आली तेव्हा टेम्पोत सामानाबरोबर तुळस ठेवू देईना. रिक्षात मांडीवर घेऊन बसली, आणि साडीवर सगळा चिखल.

एवढंच.

रेवडीवाली

सबटायटल असलेली चांगली प्रत कुठे मिळेल? मला तेलुगू कळतं पण नवऱ्याला नाही, आणि दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला, काय म्हणाला" सुरू होतं.

रिकामटेकडा१

नवऱ्याला खाली आंटींकडे पाठवा.

निशिगंधा_प

सगळ्यांचे आभार. पूर्वभागकर, तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी आत्यांचं वय विचारलं. मग म्हणाल्या, तो प्रसंग परत लाव. लावला. या वेळी पदर नाही लावला डोळ्याला. राधिकाच्या चेहऱ्यावर थांबव म्हणाल्या, थांबवलं. बराच वेळ बघत होत्या. मी म्हटलं, आता पटलं ना, हादरलीय ती? तर म्हणाल्या, "हादरलीय. पण हात बघ की तिचा. काढत नाहीये."

मी मागेपुढे करून तीनदा बघितलं. अजून ठरत नाहीये माझं.

खाली आंटींना विचारायला गेले होते. त्यांनी आधी पानकमचा रिकामा तांब्या परत मागितला. रिकामा द्यायचा नाही म्हणून मी त्यात डाळिंबाचे दाणे भरून नेले. प्रश्न विचारायचा राहिलाच.